मॉन्टसेराट बेट : भूगोल, इतिहास आणि ज्वालामुखी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखेत गाडल्या गेलेल्या राजधानीच्या छायाचित्रामुळे मॉन्टसेराट हे नाव जगभर पोहोचले. ते छायाचित्र खरे आहे. मात्र त्यावरून हे बेट ओसाड आहे असा जो समज होतो तो खरा नाही. बेटाच्या उत्तर भागात आजही साडेचार हजारांच्या आसपास लोक राहतात, तेथे शाळा, बाजार, चर्च, न्यायालय आणि विधानसभा आहे आणि तेथील समाजाला जवळपास चार शतकांचा अखंड इतिहास आहे. पुढील उत्तरे लिहिताना ज्वालामुखीइतकेच या माणसांकडेही लक्ष ठेवले आहे.

मॉन्टसेराट नेमके कोठे आहे आणि ते केवढे आहे?

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला लहान बेटांची एक लांब कमान आहे. तिला लेसर अँटिलीस म्हणतात. या कमानीच्या उत्तर भागातील बेटांना लीवर्ड बेटे असे नाव असून मॉन्टसेराट त्यांपैकीच एक आहे. अँटिग्वा या बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे ४३ किलोमीटरवर आणि ग्वादेलुपच्या वायव्येस ते वसलेले आहे. त्याची लांबी सुमारे १६ किलोमीटर, रुंदी सुमारे ११ किलोमीटर आणि क्षेत्रफळ १०२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके आहे. अक्षांश मात्र आपल्या ओळखीचा आहे : कोल्हापूर ज्या १६.७ उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे, त्याच पट्ट्यात हे बेट येते.

किनारा बहुतेक ठिकाणी उभ्या कड्यांचा आहे आणि जेथे वाळू आहे तेथे ती ज्वालामुखीय खडकापासून झालेली असल्याने काळी किंवा करडी आहे. पांढऱ्या वाळूचा किनारा उत्तरेकडील राँदेव्हू बे येथे एकच आहे. नैसर्गिक बंदर नाही, ही या बेटाची जुनी अडचण आहे आणि तिचे परिणाम इतिहासात पुढे अनेक ठिकाणी दिसतात.

हे बेट निर्माण कसे झाले? ते आपल्या सह्याद्रीसारखे आहे का?

दोन्ही ठिकाणी ज्वालामुखीचा खडक असला तरी घडणीची रीत अगदी वेगळी आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून पातळ बेसाल्टी लाव्हा वाहत गेला आणि त्याचे थरावर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याचीच खूण आहेत. मॉन्टसेराटच्या परिसरात अटलांटिक महासागराखालील भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने कॅरिबियन भूपट्टाखाली सरकत आहे. खोलवर गेलेल्या या भूपट्टातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो आणि त्यातून तयार होणारा अँडेसाइट प्रकारचा लाव्हा इतका घट्ट असतो की तो वाहत नाही, तर विवराच्या तोंडाशी ढिगासारखा साचत राहतो. या ढिगाला लाव्हा घुमट म्हणतात. घुमट उंच आणि अस्थिर झाला की कोसळतो, आणि या बेटावरील बहुतेक संहार अशा कोसळण्यामुळेच झालेला आहे. भारतात अशा भूपट्ट-सीमेवरचा जागृत ज्वालामुखी पाहायचा असेल, तर अंदमानातील बॅरन बेटाकडे पाहावे लागेल.

बेटाचा उत्तरेकडील सिल्व्हर हिल्स हा भाग सर्वांत जुना आहे. तो २० लाख वर्षांहूनही आधी तयार होऊ लागला आणि आता पूर्णपणे थंड झालेला आहे. मध्यभागी सेंटर हिल्स आहेत. तेथील ज्वालामुखीही काही लाख वर्षांपूर्वी शांत झाला आणि आज त्यावर बेटाचे मुख्य जंगल आहे. दक्षिणेकडील सूफ्रिएर हिल्स सर्वांत तरुण असून तेथेच सध्याचा जागृत ज्वालामुखी आहे. वय उत्तरेकडून दक्षिणेकडे असे कमी होत गेल्यामुळेच आज उत्तर भाग राहण्यास सुरक्षित ठरला आहे. जुन्या वस्तीने मात्र नेमकी दक्षिण निवडली होती, कारण तेथील माती सुपीक होती, पाऊस चांगला होता आणि पश्चिम किनाऱ्यावर जहाजे नांगरण्याजोगी जागा होती.

युरोपीय लोक येण्यापूर्वी येथे कोण राहत होते?

पूर्व किनाऱ्यावरील ट्रँट्स येथे झालेल्या उत्खननात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गावाचे अवशेष मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून बेटाबेटांनी पुढे सरकलेले, मातीची नक्षीदार भांडी घडवणारे आणि कसावा पिकवणारे हे लोक होते. नंतरच्या काळात कॅरिब या मूळनिवासी लोकांचा या बेटावर वावर होता आणि ते याला अलिउआगाना म्हणत. क्रिस्टोफर कोलंबस १४९३ च्या नोव्हेंबरमध्ये, आपल्या दुसऱ्या सफरीत, या बेटाजवळून गेला आणि स्पेनमधील कॅटलोनियातल्या एका प्रसिद्ध मठावरून त्याने बेटाला आजचे नाव दिले. स्पेनने तेथे वसाहत केली नाही.

आयर्लंडशी या बेटाचा संबंध काय?

इंग्रजांनी १६३२ मध्ये येथे वसाहत सुरू केली. पहिला गव्हर्नर अँथनी ब्रिस्केट हा आयर्लंडमधील वेक्सफर्डचा होता आणि शेजारच्या सेंट किट्स बेटावर प्रोटेस्टंट इंग्रजांच्या वर्चस्वाखाली राहणे नकोसे झालेले कॅथलिक आयरिश लोक येथे येऊन स्थायिक झाले. पुढे इंग्रज सेनानी क्रॉमवेलने आयर्लंड जिंकल्यावर तेथील कैदीही पाठवण्यात आले. १६७८ च्या शिरगणतीत बेटावरील गोऱ्या लोकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आयरिश होते. किन्सेल, कॉर्क हिल, गॅलवेज, सेंट पॅट्रिक्स ही गावांची आणि मळ्यांची नावे, तसेच रायली, स्वीनी, फॅरेल, डेली ही आडनावे त्या काळाची आहेत. बेटाच्या ध्वजावर हिरव्या वस्त्रातील, हाती हार्प हे तंतुवाद्य घेतलेली स्त्री आहे आणि पारपत्रावर उमटवला जाणारा शिक्का शॅमरॉक या तीन पानांच्या वनस्पतीच्या आकाराचा असतो. हार्प आणि शॅमरॉक ही दोन्ही आयर्लंडची चिन्हे आहेत.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट साधारण येथेच थांबते आणि मग 'कॅरिबियनमधील आयर्लंड' असे गोड चित्र उभे राहते. ते अपुरे आहे. आयरिश मजुरांपैकी अनेक जण करारबद्ध म्हणून आले, गरिबीत राहिले आणि काही काळाने बेट सोडूनही गेले. परंतु ज्यांच्या हाती जमीन आली ते मळेवाले झाले आणि त्यांनी आफ्रिकेतून आणलेली माणसे विकत घेऊन त्यांच्याकडून ऊस पिकवला. आज बेटावर रायली किंवा फॅरेल आडनाव लावणारा माणूस बहुधा आफ्रिकी वंशाचा असतो. त्याच्या आडनावात आयरिश पूर्वज असू शकतो, तसाच आयरिश मालकही असू शकतो, आणि या दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करणे बहुतेक घराण्यांना आता शक्य नाही.

गुलामगिरीच्या काळातील जीवनाची काही प्रत्यक्ष साक्ष उपलब्ध आहे का?

आहे, आणि ती एका असामान्य माणसाची आहे. ओलाउदा इक्वियानो हा पुढे इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीतील महत्त्वाचा आवाज ठरला. १७६३ मध्ये त्याला मॉन्टसेराटला आणून रॉबर्ट किंग नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातील व्यापाऱ्याला विकण्यात आले. किंगच्या जहाजांवर काम करताना त्याने बेटाबेटांवरील मळ्यांतले अत्याचार पाहिले आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते नोंदवले.

त्याने स्वतःची सुटका कशी केली हे मुळातून वाचण्यासारखे आहे. त्याच्याजवळ फक्त तीन पेन्स मोलाचे एक नाणे होते. सेंट युस्टेशस या डच बेटावर त्याने त्या नाण्याचा काचेचा एक पेला घेतला आणि मॉन्टसेराटला आल्यावर तो दुप्पट किमतीला विकला. पुढच्या फेरीत दोन पेले घेतले, तेही विकले. अशी पै-पै जोडत, वाटेत गोऱ्यांकडून फसवणूक आणि लुबाडणूक सोसत, त्याने सुमारे तीन वर्षांत ४० पौंड साठवले आणि जुलै १७६६ मध्ये मालकाला ते देऊन स्वतःचे मुक्तिपत्र मिळवले. तुलनेने सौम्य समजल्या जाणाऱ्या मालकाच्या हाताखालीसुद्धा माणसाला स्वतःची किंमत स्वतःच मोजून द्यावी लागत होती, ही गोष्ट त्या व्यवस्थेविषयी कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक सांगते. मळ्यात राबणाऱ्या बहुसंख्य गुलामांना तर पेला विकण्याचीही संधी नव्हती.

१७ मार्चला बेटावर सुटी का असते?

१७ मार्च हा आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक याचा दिवस. आयर्लंडबाहेर या दिवसाची सार्वजनिक सुटी देणाऱ्या मोजक्या प्रदेशांत मॉन्टसेराटचा समावेश होतो, पण येथील कारण वेगळे आहे. १७६८ मध्ये या दिवशी गुलामांनी उठावाचा बेत आखला होता. मळेवाले सणानिमित्त मेजवानीत आणि मद्यपानात गुंतलेले असतील, तेव्हा गव्हर्नरच्या निवासात काम करणाऱ्या गुलामांनी तेथील शस्त्रे ताब्यात घ्यावीत आणि बाहेरच्यांनी मिळेल त्या हत्याराने हल्ला करावा, अशी ती योजना होती. ती आधीच फुटली आणि नऊ जणांना फासावर चढवण्यात आले. त्यांच्यातील कजो याचे शिर सावरीच्या झाडावर टांगले गेले, असे बेटावरील परंपरा सांगते.

ही सुटी १९८५ पासून दिली जाऊ लागली. बेटावरील इतिहासकार आणि शिक्षक यांनी तो दिवस उठावाच्या स्मृतीचा म्हणून मांडला, यामागे त्यांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता असे वाटते. आता हा उत्सव आठवडाभर चालतो. त्यात उंच टोप आणि मुखवटे घातलेले, हाती चाबूक घेतलेले मास्करेड नर्तक ढोल आणि बासरीच्या तालावर नाचतात आणि गोट वॉटर नावाचा बकऱ्याच्या मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यांत तासन्तास लाकडावर शिजवला जातो. त्यात लवंग आणि थाइमचा वास ठळक असतो. रस्सा पातळ असतो आणि तो पावासोबत खातात. परदेशांत स्थायिक झालेली कुटुंबे गावी येण्यासाठी हाच आठवडा निवडतात.

गुलामगिरी संपल्यावर बेटाचे काय झाले?

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, परंतु मॉन्टसेराटमध्ये 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीचे काम १८३८ पर्यंत चालू राहिले. जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. साखरेचा भाव पडल्यावर बर्मिंगहॅमच्या स्टर्ज या क्वेकर कुटुंबाशी संबंधित मॉन्टसेराट कंपनीने लिंबाच्या बागा लावल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील लिंबाचा रस इंग्लंडमध्ये नावाजला गेला. १८९९ च्या चक्रीवादळाने त्या बागा झोडपून काढल्या. त्यानंतर लांब धाग्याचा सी आयलंड कापूस आला आणि काही दशके तोच मुख्य आधार राहिला.

पीक बदलले तरी शेतमजुराची स्थिती फारशी बदलली नाही. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसायची आणि उत्पन्नातला मोठा हिस्सा मालकाला द्यायचा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. १९५० च्या दशकात विल्यम ब्रँबल यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने तिला आव्हान दिले; पुढे तेच बेटाचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच दशकात हजारो लोक कामाच्या शोधात ब्रिटनला गेले, आणि मॉन्टसेराटच्या घराघरांतून लंडनशी जे नाते आहे ते तेव्हापासूनचे आहे. १९६० नंतर उलट दिशेनेही माणसे आली : उत्तर अमेरिका आणि ब्रिटनमधील निवृत्त लोकांनी पश्चिम उतारावर बंगले बांधले आणि त्यांच्या घरकामावर, बांधकामावर आणि बागकामावर अनेकांचा संसार चालू लागला.

ज्वालामुखीच्या आधी बेटाची भरभराट झाली होती, हे खरे आहे का?

१९८० च्या दशकापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. बीटल्स या गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये येथे एअर स्टुडिओज हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उघडला आणि द पोलीस, डायर स्ट्रेट्स, एल्टन जॉन असे त्या काळचे आघाडीचे कलाकार येथे येऊन काम करू लागले. बेटाचा स्वतःचा गायक अल्फॉन्सस कॅसल, म्हणजे ॲरो, याच्या सोका या कॅरिबियन नृत्यसंगीताने १९८२ नंतर जगभर लोकांना नाचवले. पुढे १७ सप्टेंबर १९८९ रोजी ह्यूगो चक्रीवादळ बेटावरून गेले आणि दहापैकी नऊ घरांना त्याने झळ पोहोचवली. स्टुडिओ पुन्हा सुरू झाला नाही. राजधानी प्लिमथमध्ये रुग्णालय, सरकारी इमारती आणि धक्का यांची पुनर्बांधणी झाली आणि बेट सावरू लागले तोच ज्वालामुखी जागा झाला. हातातोंडाशी आलेला घास असा गेला.

उद्रेकाची पूर्वकल्पना कोणालाच नव्हती का?

वेळ कोणी सांगू शकले नसते, पण धोका अज्ञात नव्हता. सूफ्रिएर हिल्सखाली १८९७–९८, १९३३–३७ आणि १९६६–६७ अशा तीन वेळा, साधारण तीस वर्षांच्या अंतराने, भूकंपांच्या मालिका झाल्या होत्या. १९८७ च्या सुमारास दोन शास्त्रज्ञांनी या ज्वालामुखीच्या धोक्याचा अभ्यास करून अहवाल दिला आणि त्यात प्लिमथ शहर धोक्याच्या टप्प्यात असल्याचे दाखवले. ह्यूगोनंतर पुनर्बांधणी कोठे करायची हे ठरवताना या अहवालाचा विचार झाला नाही. नवे रुग्णालय आणि नवी कार्यालये त्याच शहरात उभी राहिली. या बेटाच्या इतिहासातील ही सर्वांत महाग पडलेली दुर्लक्षाची गोष्ट होय.

१९९२ पासून पुन्हा भूकंप जाणवू लागले आणि १८ जुलै १९९५ रोजी डोंगरावर वाफ आणि राख उसळली. नोव्हेंबरपर्यंत विवरात नवा लाव्हा घुमट वाढू लागला. प्लिमथ ऑगस्टमध्ये एकदा, डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा आणि ३ एप्रिल १९९६ रोजी तिसऱ्यांदा रिकामे करण्यात आले. तिसऱ्या वेळी बाहेर पडलेल्या लोकांना राहण्यासाठी पुन्हा घरी परतता आले नाही.

२५ जून १९९७ रोजी काय घडले?

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास लाव्हा घुमटाचा मोठा भाग कोसळला. कोसळलेला तप्त खडक फुटतो, त्यातील वायू मोकळे होतात आणि खडकाचे तुकडे, राख आणि वायू यांचा शेकडो अंश तापमानाचा लोट उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावत सुटतो. मोटारीतूनही त्याच्यापुढे पळणे कठीण असते. येथील डोंगरांवरून समुद्राकडे उतरणाऱ्या खोल घळींना स्थानिक लोक 'घॉट' म्हणतात. इंग्रज आपल्याकडील घाटांसाठी जे जुने स्पेलिंग वापरत, तेच येथेही रूढ आहे. हा लोट मॉस्किटो घॉट या घळीतून ईशान्येकडे उतरला, वळणावर घळीबाहेर पसरला आणि स्ट्रेथम, फॅरेल्स, विंडी हिल, ट्रँट्स या वस्त्यांवरून जात विमानतळाच्या अगदी जवळ येऊन थांबला. काही मिनिटांत १९ माणसे मृत्युमुखी पडली.

हा भाग प्रवेशबंद क्षेत्रात होता. मग माणसे तेथे का गेली, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्यात काहीसा दोषारोपही असतो. उत्तरेकडील निवाऱ्यांत, चर्चमध्ये आणि शाळांच्या वर्गांत एकेका दालनात अनेक कुटुंबे दीड-दोन वर्षे राहत होती. शौचालये अपुरी होती, शेतीसाठी जमीन मिळालेली नव्हती आणि बेटाला लागणारा भाजीपाला मुख्यतः याच सोडलेल्या शेतांतून येत होता. विमानतळही त्या दिवसापर्यंत चालू होता. ज्यांनी आयुष्यभर शेती केली ते आपल्या जनावरांकडे आणि पिकांकडे परत गेले, यात बेदरकारपणापेक्षा निरुपायाचा भाग मोठा होता. पुढे झालेल्या न्यायिक चौकशीत शासनाच्या दिरंगाईवरही ठपका ठेवण्यात आला.

ऑगस्ट १९९७ मध्ये तप्त लोट प्लिमथमध्ये शिरले आणि शहर पेटले. पुढच्या वर्षांत प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर डोंगरावरची राख आणि दगड चिखललोटांच्या रूपाने खाली येत राहिले, त्यामुळे अनेक इमारतींचे तळमजले पूर्ण बुजले. पश्चिमेकडील बेलहॅम खोऱ्यातले गोल्फ मैदानही अशाच चिखललोटांखाली गेले.

किती लोकांनी बेट सोडले आणि ते कोठे गेले?

उद्रेकापूर्वी बेटावर दहा-अकरा हजार लोक होते. १९९८ च्या सुमारास ही संख्या तीन हजारांच्या आसपास आली. बहुतेक जण अँटिग्वा आणि ब्रिटन येथे गेले. ब्रिटिश सरकारची मदत सुरुवातीला अपुरी आणि संथ होती. ऑगस्ट १९९७ मध्ये लोक बेटावर निदर्शने करीत असताना, 'पुढे हे सोन्याचे हत्तीसुद्धा मागतील' अशा आशयाचे उद्गार ब्रिटनच्या तत्कालीन विकासमंत्री क्लेअर शॉर्ट यांनी काढले. ते बेटावर अजून कोणी विसरलेले नाही. २००२ मध्ये कायदा बदलून मॉन्टसेराटसारख्या ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांतील लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

अमेरिकेत गेलेल्यांची कहाणी कमी सांगितली जाते. १९९७ मध्ये त्यांना तात्पुरते संरक्षण देण्यात आले होते. २००५ मध्ये ते काढून घेण्यात आले आणि कारण असे देण्यात आले की ज्वालामुखी लवकर शांत होण्याची चिन्हे नसल्याने हे संकट आता तात्पुरते म्हणता येत नाही. सुमारे तीनशे लोकांना याचा फटका बसला. संकट दीर्घकाळ टिकले हाच त्यांना परत पाठवण्याचा आधार ठरावा, हे समजून घेणे कठीण आहे.

आज राजधानी कोणती? प्लिमथ पाहता येते का?

कागदोपत्री राजधानी अजूनही प्लिमथच आहे, पण सरकारी कारभार उत्तरेकडील ब्रेड्स येथून चालतो. प्लिमथ ज्या क्षेत्रात येते तेथे राहण्यास मनाई आहे आणि परवानाधारक मार्गदर्शकासोबत, ज्वालामुखी वेधशाळा आणि प्रशासन यांची त्या वेळची मुभा असेल तरच जाता येते. दुरून पाहायचे असल्यास गॅरिबाल्डी हिलवरून शहर दिसते आणि पूर्वेकडील जॅक बॉय हिलवरून जुन्या विमानतळाची जागा दिसते. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ती घरे आजही कोणाची तरी आहेत आणि त्यांचे मालक किंवा त्यांची मुले बहुधा त्याच बेटावर राहत आहेत.

ज्वालामुखी आता शांत झाला आहे का?

नाही. १९९५ पासून लाव्हा बाहेर येण्याचे पाच टप्पे झाले. १२–१३ जुलै २००३ रोजी घुमटाचा सुमारे २१ कोटी घनमीटर भाग कोसळला, आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी शेवटचा मोठा कोसळ झाला. त्यानंतर नवा लाव्हा वर आलेला नाही, परंतु वायू आणि वाफ बाहेर पडतच आहेत आणि जमिनीची अगदी मंद फुगवटही मोजली जाते, म्हणजेच खाली शिलारस साचत आहे. मॉन्टसेराट ज्वालामुखी वेधशाळा भूकंपमापक, वायूंचे मापन आणि उपग्रहाधारित उपकरणे यांच्या साहाय्याने रात्रंदिवस पाहणी करते आणि धोक्याची पातळी एक ते पाच या प्रमाणात ठरवते. कोणत्या क्षेत्रात कोणी जायचे हे त्यानुसार बदलते. जगातील सर्वांत बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या ज्वालामुखींमध्ये याची गणना होते. नदीच्या मुखाशी साचलेल्या राखेमुळे पूर्व किनाऱ्यावर नवी जमीनही तयार झाली आहे.

बेटावरील वन्यजीवांचे काय झाले?

मॉन्टसेराट ओरिओल हा काळ्या-पिवळ्या रंगाचा पक्षी जगात फक्त याच बेटावर आढळतो. दक्षिणेकडील जंगल राखेखाली गेल्याने त्याचा निम्म्याहून अधिक अधिवास नष्ट झाला आणि आता तो मुख्यतः सेंटर हिल्समध्ये उरला आहे. बेटाचे पिण्याचे पाणीही याच डोंगरांतील झऱ्यांतून येते, त्यामुळे ते जंगल राखणे हा पक्ष्यापुरता प्रश्न नाही. 'माउंटन चिकन' या नावाने ओळखला जाणारा प्रचंड बेडूक मॉन्टसेराट आणि डॉमिनिका या दोनच बेटांवर उरला होता. २००९ मध्ये येथे पसरलेल्या बुरशीजन्य रोगाने त्याचा जवळजवळ नायनाट केला. त्या वेळी ५० बेडूक विमानाने युरोपातील प्राणिसंग्रहालयांत हलवण्यात आले आणि त्यांच्या संततीला पुन्हा बेटावर रुजवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मॉन्टसेराट स्वतंत्र देश आहे का?

नाही, तो ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. गव्हर्नर ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी असतो, तर निवडून आलेल्या सरकारच्या प्रमुखाला २०११ पासून प्रीमियर म्हणतात. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून तो १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. स्वतंत्र नसूनही हे बेट कॅरिकॉम या प्रादेशिक संघटनेचे पूर्ण सदस्य आहे. अर्थसंकल्पाचा निम्म्याहून अधिक भाग ब्रिटनच्या अनुदानातून येतो.

वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमध्ये मॉन्टसेराटचे कोणी आहे का?

बेटाचे खेळाडू लीवर्ड बेटांच्या संघातून खेळतात. जिम ॲलन हे १९७० च्या दशकात केरी पॅकर यांच्या वर्ल्ड सीरिज क्रिकेटमध्ये खेळले, आणि २००८ मध्ये लायोनेल बेकर हे कसोटी खेळणारे पहिले मॉन्टसेराटवासी ठरले. फुटबॉलमध्ये ३० जून २००२ रोजी, विश्वचषकाचा अंतिम सामना होता त्याच दिवशी, जागतिक क्रमवारीत तळाला असलेले भूतान आणि मॉन्टसेराट हे दोन संघ थिंफू येथे खेळले. भूतानने तो सामना ४–० असा जिंकला.

आज लोक कशावर जगतात आणि तेथे जाता कसे येते?

नोकऱ्यांचा मोठा भाग सरकारी आहे. त्याखेरीज बांधकाम, थोडे पर्यटन, थोडी शेती आणि ज्वालामुखीने आणलेल्या वाळूची निर्यात यांवर अर्थव्यवस्था चालते. गेलेल्या लोकांची जागा काही अंशी गयाना, जमैका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक येथून आलेल्या कामगारांनी भरून काढली आहे आणि उत्तरेकडील शाळांमध्ये आता या सर्वांची मुले एकत्र शिकतात. २००५ मध्ये जेराल्ड्स येथे छोटा विमानतळ सुरू झाला. धावपट्टी जेमतेम सहाशे मीटरची असल्याने तेथे फक्त लहान विमाने उतरतात आणि अँटिग्वाहून प्रवासाला सुमारे वीस मिनिटे लागतात. जोराचा वारा किंवा दाट ढग असले की उड्डाणे रद्द होतात, तेव्हा पुढच्या प्रवासासाठी एखादा दिवस हाताशी ठेवावा.

ज्वालामुखीच्या उष्णतेवर वीज निर्माण करण्यासाठी २०१३ मध्ये दोन खोल विहिरी खणण्यात आल्या, नंतर तिसरीही घेण्यात आली आणि तेथे पुरेसे तापमान असल्याचे दिसून आले. बेटाची वीज दीर्घकाळ आयात केलेल्या डिझेलवरच अवलंबून राहिलेली असल्याने या विहिरींकडे लोकांचे डोळे लागले आहेत. लिटल बे येथे नवे बंदर उभारण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. प्लिमथचा धक्का गेल्यापासून उघड्या समुद्राच्या लाटांत जहाजातला माल उतरवावा लागतो, आणि समुद्र खवळलेला असला की दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडतात. म्हणून गावात बोलणे निघाले की ज्वालामुखीपेक्षा या बंदराचीच चर्चा अधिक होते.